आठशेच्या पोटाखाली

शनिवार, रात्री

गेल्या रविवारी आईला घेऊन परत येताना घराआधीच्या शेवटच्या उतारावर ब्रेकचं पॅडल नेहमीच्या जागी थांबलं नाही. आणखी चार बोटं खाली गेलं आणि मग कुठे गाडीनं धरलं. पॅडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे कप्पे असतात. एका बाजूचं ऑइल गेलं तरी दुसरी बाजू निम्मीशिम्मी गाडी थांबवते, त्यावर आम्ही वाचलो. आईला काही कळलं नाही. मी अंगणात गाडी लावली आणि किल्ली खिशात ठेवली ती आज बाहेर काढली.

आमची मारुती 800 ही 1999 सालची, रत्नागिरीचीच, एमएच-08. बाबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेत होतो. दर शनिवारी ते ती धुतात, काचांना वर्तमानपत्र घासतात. वरून अजूनही ती पाहुण्यांना दाखवावी अशी आहे. पण खाली वाकून कोणी बघितलं नव्हतं, मीही नाही. समुद्राचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि तांबडी माती. गाडीच्या पोटाला ब्रेकचे पाइप क्लिपांनी धरलेले असतात. त्या प्रत्येक क्लिपच्या मागे माती जाऊन बसते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते. आज मी स्क्रूड्रायव्हरने ती माती खरवडली. क्लिपा नव्हत्या तिथे पाइप नुसता तांबूस होता. क्लिपेखाली मात्र गंजाचे पापुद्रे सुटत होते, आणि मागच्या सीटच्या खाली, डाव्या बाजूला, एका पापुद्र्यातून थेंब येत होता.

कंपनीचा पाइप म्हणजे गॅरेजवाले ज्याला बंडी पाइप म्हणतात तो. पोलादाची पातळ पट्टी दोनदा गुंडाळून तांब्यानं सांधलेली. पाइपाचा बाहेरचा व्यास 4.76 मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक. टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते. जोरात ब्रेक दाबला की या काडीएवढ्या पाइपात 70 बार आणि त्याच्याही पुढे दाब जातो. आजवर दर वर्षी टायरची हवा, इंजिन ऑइल, बॅटरीचं पाणी सगळं बघत आलो आणि हे कधी बघितलं नाही, ते मनातून जात नाहीये.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, खराब झालेला तेवढा वीतभर तुकडा कापू आणि फ्रिजच्या तांब्याच्या नळीनं जोड देऊ, तासाभराचं काम. मी नको म्हटलं. नुसतं तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि मग तडकतं. शिवाय एका जागी थेंब आला म्हणजे बाकीच्या क्लिपांखाली काय चाललंय ते दिसतंच आहे. मागे जाणारे पाइप पूर्ण बदलायचे.

रविवार

निकेल मिसळलेल्या तांब्याच्या पाइपाचं 25 फुटांचं वेटोळं संशयावरूनच मागवलं होतं, ते बुधवारीच आलं. 90 भाग तांबं, 10 भाग निकेल. जहाजांवर समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळांना याच जातीचा मिश्रधातू वापरतात. व्होल्वोनं 1976 पासून आपल्या गाड्यांचे ब्रेक पाइप याचेच केले. मिऱ्या बंदरावरून येणारा वारा चोवीस तास अंगावर घेणाऱ्या गाडीला दुसरं काय घालायचं? हातानं वाकतो, गंजत नाही. हातात घेतल्यावर त्याचा गुलाबी रंग बघून बाबा म्हणाले, "दागिन्यासारखा आहे रे."

मागची बाजू उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली, पुढच्या चाकांना ओंडके लावले. आपल्याकडे लोक सर्रास चिरे रचून त्यावर गाडी ठेवतात. जांभा दगड वरून भक्कम दिसतो, पण एका बाजूला भार आला की कधी फुटेल ते सांगता येत नाही. गाडीखाली माणूस झोपणार असेल तर चिरे नकोत, एवढं कोकणातल्या प्रत्येकानं ऐकावं.

खरी झटापट नटांशी. 10 नंबरचा साधा फिक्स पाना लावला तर गंजलेल्या नटाचे कोपरे एका झटक्यात गोल होतात. पाइपाला फटीतून घालता येतो असा, कोपरे चहूबाजूंनी धरणारा फ्लेअर नटाचा पाना आधीच मागवला होता. गंज सोडवणारं तेल कालपासून मारत होतो. तरीही मागच्या डाव्या व्हील सिलिंडरचा, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचा, नट पाइपासकट फिरायला लागला. मग पाइपच कापला आणि सॉकेटनं नट काढला. आटे शाबूत निघाले तेव्हा मी गाडीखाली आडवा पडूनच थोडा वेळ डोळे मिटले.

नव्या पाइपाचं टोक दुहेरी दुमडावं लागतं. आधी टोक सरळ काटकोनात कापायचं, आतली-बाहेरची धार कानशीनं काढायची, नट ओवायचा, मग साच्यात धरून टोक एकदा आत वळवायचं आणि दुसऱ्यांदा शंकूसारखं दाबायचं. एकेरी दुमड या दाबाला टिकत नाही. पहिली तीन टोकं तिरकी आली, ती कापून टाकली. चौथं बाबांच्या भिंगाखाली धरलं. कड सगळीकडे सारखी होती, कुठे चीर नव्हती. त्यानंतर हात बसला. जुना पाइप शेजारी ठेवून त्याच्याच वळणांनी नवा वाकवत गेलो, डबीवर टेकवून, म्हणजे चेपत नाही. क्लिपा सगळ्या नव्या.

ब्रेक ऑइल म्हणतात खरं, पण ते तेल नव्हे. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट 3 प्रतीचं ऑइल ताजं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावा धरला की 140 पर्यंत उतरू शकतं. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली बाटली वापरायचीच नाही. दरवाजाच्या कडेला दोन थेंब सांडले, लगेच भरपूर पाण्यानं धुतले, नाहीतर रंग सोडवतं.

पाइपात शिरलेली हवा काढायला पॅडलवर माणूस लागतो. बाबा म्हणाले, मी बसतो. चौऱ्याहत्तर वय, उजवा गुडघा दुखरा. सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली.

"बाबा, दाबा."

"दाबलंय."

चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचा, पारदर्शक नळीतून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद.

"सोडा."

मध्ये मध्ये ब्रेक ऑइलची टाकी भरत राहायची, ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. तासभर आमच्यात या तीन शब्दांखेरीज बोलणं नव्हतं. इतका वेळ आम्ही दोघं एका कामावर शेवटचे कधी बसलो होतो, आठवेना. शेवटच्या चाकाला नळीत सलग ऑइल आलं आणि बाबा वरून म्हणाले, "आता दगडासारखं लागतंय."

इंजिन चालू करून पॅडल पूर्ण ताकदीनं दोन मिनिटं धरायला लावलं, खाली जाऊन एकेका जोडावरून कोरडं बोट फिरवलं. रात्री प्रत्येक जोडाच्या खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलंय.

सोमवार, सकाळी सहा

बाबा माझ्याआधी उठून टॉर्च घेऊन गाडीपाशी बसले होते. चारही कागद कोरडे आहेत. नऊ वाजता अंगणात, मग गेटबाहेरच्या सपाट रस्त्यावर वीसच्या वेगानं तपासून बघणार. उतार त्यानंतर, आणि आईशिवाय.