बाईंचा व्हरांडा

स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मोठ्या उत्साहानं बसले. पण शाळेचं काहीही आठवायला घेतलं की ते मराठीच्या बाईंपाशी येऊन थांबतं. तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहिते.

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागायच्या. सुधा नरवणे यांचा आवाज आपल्या कोयनाकाठी घरोघरी ओळखीचा. त्या लेखिकाही आहेत, हे आम्हांला बाईंनी सांगितलं. बातम्या ऐकून वहीत उतरवायच्या आणि परिपाठाआधी व्हरांड्यात परीक्षा. एकीनं या टोकाला उभं राहून वाचायचं, दुसरीनं त्या टोकाला लिहून घ्यायचं. वाचणं एकदाच.

एका पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी होती. मैत्रीण वाचत होती, मी लिहीत होते. वाक्य एवढं लांबलचक, की मी धरण लिहिलं, दरवाजे लिहिले, पाण्याचा आकडा लिहिला. सावध कुणी व्हायचं, ते राहूनच गेलं. बाईंनी माझा कागद पाहिला आणि पेन्सिल दिली मैत्रिणीच्या हातात. "वाक्य मोड. ऐकणाऱ्याला मागं जाऊन पुन्हा वाचता येत नाही." पहिला तास सुरू झाला, गणिताचे सर दारात येऊन थांबले, तरी बाई हलल्या नाहीत. शेवटी उरलं ते असं : 'नदीकाठच्या लोकांनी उंचावर जावं. कोयना धरणाचे दरवाजे उघडले आहेत.' पाण्याचा आकडा त्यानंतर.

दुसरा नियम तालुक्याचा. तालुक्याशिवाय गावाचं नाव घ्यायचं नाही. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप बाईंनी सोसला होता. मुंबईच्या गिरण्यांतली आपल्याकडची माणसं तेव्हा आपल्या गावाचं नाव येतंय का म्हणून रेडिओला कान लावून बसली होती, हे त्या दरवर्षी सांगायच्या.

पुढं मी आकाशवाणीत आले. सुरुवातीला नैमित्तिक वृत्तनिवेदिका, मग बातमीपत्राचं संपादन. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या आठवड्यात येणारी प्रत्येक बातमी मी तालुक्यासह लिहिली : औसा तालुक्यातलं किल्लारी, औसा तालुक्यातलं मंगरूळ, उमरगा तालुक्यातलं सास्तूर. मंगरूळ नावाची गावं महाराष्ट्रात कितीतरी आहेत. नुसतं 'मंगरूळ' म्हटलं असतं तर किती घरांत उगाच आकांत झाला असता! वरिष्ठांनी वेळ वाचवायला तालुके गाळायला सांगितले, मी गाळले नाहीत. ते बळ बाईंचं.

निवृत्तीनंतर रेडिओच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, त्याला वाचकही मिळाले. त्यातलं प्रत्येक पान मी आधी मोठ्यानं वाचून घरच्यांना ऐकवलं आहे. जिथं ते "काय म्हणालीस?" म्हणाले, तिथं वाक्य बदललं. बाई ते पुस्तक पाहायला हव्या होत्या.

मध्यंतरी शाळेत आले होते. परिपाठाच्या बातम्या आता मोबाइलवरून ध्वनिवर्धकावर लावतात. मुलं रांगेत उभी असतात, पण लिहून कुणीच घेत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, आठवड्यातला एक दिवस व्हरांड्याची परीक्षा पुन्हा सुरू करा. पुस्तकाच्या मानधनातून बाईंच्या नावे बक्षीस ठेवायची माझी तयारी आहे. ते वाचणारीला आणि लिहून घेणारीला, दोघींनाही सारखंच द्यावं.