माशाला कोणतं औषध देऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "मासा तळाशी बसून असतो, खात नाही, कोणतं औषध देऊ?" हा प्रश्न मला सतत येतो, आणि दर वेळी मी आधी उलटा प्रश्न विचारते: पाणी तपासलंत का? विचारणाऱ्याचा हिरमोड होतो, ते मला समजतं. त्याचा जीव खालीवर होत असतो आणि मी अमोनियाची, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणाऱ्या विषाची, चौकशी करत बसते. पण माशाचं औषध बहुतेकदा माशाला दिलंच जात नाही. ते पाण्यात पडतं, आणि मासा त्याच पाण्यात श्वास घेतो. अमोनिया किंवा त्यापासूनच बनणारं नायट्राइट शून्याच्या वर असेल तर मासा गुदमरतोय, भाजतोय. त्यात औषध ओतलं की त्रासात भरच. अशा वेळी चौथा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं हवं. कित्येकदा दुसऱ्या दिवशी मासा आपणहून वर येतो, बाटली उघडावीच लागत नाही.

पाणी ठीक आहे आणि तरी मासा आजारी आहे, तेव्हा औषधाचा विचार करायचा. सगळ्यांत जास्त विचारणा असते पांढऱ्या ठिपक्यांची. माझ्या काळ्या मॉलीला पहिल्यांदा ते झाले, तेव्हा शेपटीवर कुणी मीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं. ती फिल्टरच्या नळीला अंग घासायची, पर मिटून एका जागी डुलत राहायची. मी औषध घातलं, तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, मी औषध थांबवलं. आठवड्याच्या आत ठिपके परत आले, या वेळी कल्ल्यांपर्यंत. ती वाचली नाही.

हे ठिपके एका परजीवीचे असतात, त्यानंतर मी तो नीट समजून घेतला. माशाच्या अंगावर दिसतो तो ठिपका कातडीच्या आत बसलेला असतो, तिथे औषध पोचतच नाही. तो पोसला की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं तयार होतात. कवच फुटून ती पाण्यात पोहायला लागतात, तेवढ्याच काळात औषध त्यांना मारतं. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले, तेव्हा खरा धोका तळाच्या वाळूत असतो. हे सगळं चक्र 25 अंशांना साधारण आठवड्याभरात होतं, थंड पाण्यात कितीतरी जास्त दिवस लागतात. म्हणून मी पाणी दोनेक दिवसांत हळूहळू 28-29 अंशांपर्यंत नेते, म्हणजे चक्र लवकर फिरतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू. शेवटचा ठिपका गेल्यावरही औषध पुढे चालू ठेवायचं, किती दिवस ते बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे, पण अर्ध्यावर सोडायचं नाही.

मात्रेची चूक मात्र फार होते. 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटरची टाकी हिशेबाने 54 लिटरची. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी 45च्या आसपास उरतं. औषध त्या 45 लिटरचं मोजायचं. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो आणि तुम्हाला वाटतं औषधच खोटं होतं. (उपचार संपल्यावर हाच कार्बन परत घाला, उरलेलं औषध ओढून घ्यायला त्याच्यासारखं काही नाही.) लोच आणि कॅटफिश या तळाशी राहणाऱ्या माशांना मॅलाकाइट ग्रीन (ठिपक्यांच्या बऱ्याच औषधांतला हिरवा रंग) सोसत नाही, त्यांच्यासाठी बाटलीवर वेगळी मात्रा दिलेली असते, ती बघा. तांबं असलेल्या औषधाने कोळंबी आणि गोगलगाई मरतात. मिथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टाकीत मी कधीच घालत नाही. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरू शकतात आणि काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं होतं. त्यासाठी वेगळा डबा, हवेचा दगड (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) आणि झाकण पुरे.

अंगावर कापूस दिसला की सगळे बुरशी म्हणतात. तोंडाभोवती करडा-पांढरा थर असेल तर तो जिवाणूंचाही असू शकतो, आणि त्याला उष्णता मानवते, म्हणून तिथे हीटर वाढवायचा नाही. पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर खोटी आशा मी देणार नाही. तो आतल्या बिघाडाचा परिणाम असतो आणि त्यातून फार थोडे मासे उठतात. अंदाजाने अँटिबायोटिक घालू नका, माशांवर उपचार करणारे पशुवैद्य मिळाले तर त्यांना दाखवा.

आणि दोन औषधं एकत्र करू नका. हे मी हात जोडून सांगते.

यापुढे मला विचाराल तेव्हा टाकीची लांबी-रुंदी आणि पाण्याची उंची, तापमान, अमोनिया-नायट्राइटचे आकडे, शेवटचं पाणी कधी बदललं आणि गेल्या महिन्यात नवा मासा किंवा नवी वनस्पती आणली का, एवढं लिहा. सोबत माशाचा बाजूने काढलेला फोटो, फ्लॅश न वापरता. मी रात्री उशिरा का होईना, उत्तर देते.