फीलर गेजला न दिसलेली झीज : कॅमशाफ्ट आणि टायमिंग बेल्ट घरी बदलताना

टकटक आधी फक्त इंजिन थंड असताना ऐकू यायची. पाच-दहा मिनिटांत इंजिन तापलं की बंद. महिनाभरात ती तापल्यावरही जाईना. मग चढावर गाडी जोर धरेना आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबला की एअर फिल्टरच्या बाजूने ‘फट्’ असा आवाज येऊ लागला. गाडी जुनी, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, वर एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा), आठ व्हॉल्व्ह. टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या वाटीचा, आवाज असणार असं मला वाटलं, आणि ज्याला ज्याला ऐकवला त्यानेही तेच सांगितलं.

म्हणून व्हॉल्व्ह कव्हर उघडलं आणि थंड इंजिनावर टॅपेटचा गॅप मोजला. माझ्या इंजिनाला इनटेकला (आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.२० आणि एक्झॉस्टला (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्याला) ०.३० मिलिमीटर गॅप लागतो. आठपैकी सात बरोबर निघाले. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट ०.३५ होता. एवढ्याशा फरकाने असा आवाज येत नाही, म्हणून कव्हर परत लावलं आणि पुढचे दोन दिवस प्लग, कॉइल, इंजेक्टर तपासण्यात घालवले. सगळं ठीक होतं.

चूक कुठे झाली ते तिसऱ्या दिवशी कळलं, आणि हा लेख लिहायला बसलो तो मुख्यतः त्यासाठी. गॅप मोजायच्या फीलर गेजची पातळ पट्टी आपण कॅमच्या पाठीकडून सरकवतो, म्हणजे लोबचं (कॅमवरच्या फुगवट्याचं) टोक वर असताना, त्याच्या गोल भागाखालून. व्हॉल्व्ह उघडण्याचं काम करतं ते टोक. झिजतंही टोकच. गोल भागावर स्प्रिंगचा दाब नसतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. म्हणजे टोक निम्मं झिजून गेलं तरी गॅप बरोबर दिसू शकतो. त्यात टॅपेटच्या माथ्यावर बशीसारखा खड्डा पडलेला असेल तर सपाट पट्टी त्या खड्ड्यावरून पुलासारखी जाते आणि खरा गॅप त्याहून जास्त असतो. गेज खोटं बोलत नव्हतं. मी त्याला भलताच प्रश्न विचारत होतो.

खरा प्रश्न हा, की प्रत्येक टॅपेट किती खाली जातो? व्हर्नियरच्या मागची खोली मोजायची काडी टॅपेटच्या कडेवर टेकवली, क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा दांडा) हाताने सावकाश फिरवला आणि आठही टॅपेटचा प्रवास लिहून काढला. सात ठिकाणी नऊ मिलिमीटरच्या आसपास. तिसऱ्या एक्झॉस्टला ६.७. जळलेला वायू पुरता बाहेरच पडत नव्हता. इनटेक उघडला की उरलेला गरम वायू उलटा वर येत होता, आणि ‘फट्’ तोच होता.

लोब तिथेच का झिजला तेही पुढे सुटं केल्यावर दिसलं. असा उलट्या वाटीसारखा, म्हणजे बकेट टॅपेट चालताना स्वतःभोवती हळूहळू फिरत राहायला हवा. त्यासाठी लोब त्याच्या मध्यावर न टेकता थोडा बाजूला टेकतो, म्हणजे घासण्याची जागा सतत बदलते. हा टॅपेट काळ्या चिकट थराने आपल्या भोकात धरला गेला होता. फिरणं थांबलं आणि एकाच जागी लाखो वेळा घासलं गेलं. ऑइल वेळेवर न बदलल्याचा परिणाम.

कॅमशाफ्ट काढायचा तर क्रँकवरून त्याला फिरवणारा टायमिंग बेल्ट सोडावाच लागतो. मग बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप, कॅम आणि क्रँकचे ऑइल सील, आणि आठही टॅपेट नवे, असं ठरवलं. जुने टॅपेट नव्या कॅमखाली कधीही घालू नयेत. ते जुन्या लोबच्या वळणाने घासलेले असतात आणि नव्या कॅमची तीच गत करतात. इंजिनाचं दुरुस्ती पुस्तक मिळवलं आणि टॉर्कचे (कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवले. ते आकडे इथे देत नाही, कारण प्रत्येक इंजिनाचे वेगळे असतात आणि दुसऱ्याचा आकडा वापरणं हाच मोठा धोका आहे.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, गाडी स्टँडवर घेतली, चाक काढलं, कूलंट सोडलं, बाहेरचे बेल्ट उतरवले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते क्रँक पुलीच्या बोल्टशी. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, धाकट्या भावाला ब्रेकवर बसवलं आणि सॉकेटच्या दांड्याला मीटरभर लांबीचा पाइप लावला.

“दादा, ब्रेक दाबलाय. पुरा.”

“सोडू नकोस. आवाज आला तरी सोडू नकोस.”

आवाज आला, मोठा, हाड मोडल्यासारखा. बोल्ट सुटला होता. स्टार्टर मारून हा बोल्ट सोडवण्याची युक्ती अनेकांनी सांगितली होती. मी ती केली नाही आणि कुणाला सांगणारही नाही. दांडा निसटला तर तो कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो.

आता टायमिंगच्या खुणा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. माझ्याकडे २० आणि ४०. याचा अर्थ असा की क्रँकची खूण जुळली म्हणजे काम झालं असं नाही. पहिला पिस्टन वर दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. कॉम्प्रेशनचा ओळखायचा तो पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही लोबवरून : दोन्हींची टोकं टॅपेटपासून दूर हवीत. दोन्ही टॅपेटवर जेमतेम टेकलेली दिसली तर आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा.

कारखान्यातल्या खुणा तेलात आणि गंजात पुसट झाल्या होत्या. ब्रेक क्लीनरने पुसून त्यांच्यावर पांढरा रंग भरला. शिवाय जुन्या बेल्टवर आणि दोन्ही पुल्यांवर माझ्या स्वतःच्या खुणा केल्या, आणि दोन खुणांमधले बेल्टचे दात मोजून लिहून ठेवले. तो आकडा पुढे फार उपयोगी पडला.

बेल्ट उतरवल्यावर सगळ्यात आधी क्रँक चौथाई फेरा मागे फिरवला. हे पाऊल कुणी गाळू नये. माझं इंजिन असं आहे की पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात. बेल्ट असतो तोवर दोघांच्या वेळा वेगळ्या असतात, बेल्ट निघाला की ते बंधन संपतं. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक ९० अंशांवर ठेवला की चारही पिस्टन सिलिंडरच्या मधोमध येतात. मग कॅम कसाही फिरवा, व्हॉल्व्ह कशाला लागत नाही.

कॅमला जागेवर धरणाऱ्या टोप्या काढताना मी एकेक बोल्ट फक्त अर्धा फेरा सोडत गेलो, बाहेरून आतल्या दिशेने, पुन्हा पुन्हा. काही व्हॉल्व्हच्या स्प्रिंग कॅमला खालून रेटत असतात. एका टोकाची टोपी आधी पूर्ण काढली तर कॅम तिरका उचलला जातो, आणि ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं. टोप्यांवर आकडे आणि बाण होते तरी मी त्या पुठ्ठ्यावर क्रमाने मांडल्या. हेडबरोबर (कॅम ज्यात बसतो त्या वरच्या भागाबरोबर) एकत्र कोरून तयार केलेल्या असतात त्या, अदलाबदल चालत नाही.

जुना कॅम हातात घेतला आणि तिसऱ्या एक्झॉस्ट लोबवरून अंगठा फिरवला. बाकीचे लोब आरशासारखे. हा बोथट, कडेला धार आलेली. इतके दिवस कानाने ऐकत होतो ते बोटाला लागलं.

सगळ्यात वेळखाऊ भाग शिमचा, म्हणजे गॅप जुळवणाऱ्या ठरावीक जाडीच्या चकतीचा. माझ्या इंजिनात शिम टॅपेटच्या खाली बसते, म्हणजे ती बदलायची तर कॅम काढावाच लागतो. नवे टॅपेट, नवा कॅम, त्यामुळे जुने गॅप सगळे रद्द. म्हणून जुन्या शिम आपापल्या जागी ठेवून नवा कॅम बसवला, टोप्या या वेळी मधून बाहेरच्या दिशेने थोड्या थोड्या आवळल्या, आणि बेल्ट न लावताच कॅम पान्याने फिरवत आठही गॅप मोजले. पिस्टन मधोमध असल्यामुळेच हे जमतं. हिशोब सोपा आहे : मोजलेला गॅप वजा हवा असलेला गॅप, तो फरक जुन्या शिमच्या जाडीत मिळवायचा. इनटेकला ०.३० आला आणि हवा ०.२०, तर ३.६० च्या जागी ३.७० ची शिम. फरक उणे आला तर पातळ शिम. शिमवरचा आकडा पुसट असतो आणि शिम झिजलेलीही असते, म्हणून प्रत्येक मायक्रोमीटरने मोजली. आपापसांत अदलाबदल करून पाच जागा जुळल्या. तीन शिम मागवाव्या लागल्या. त्या येईपर्यंत हेडवर स्वच्छ कापड झाकून तीन दिवस काही केलं नाही. गॅप ‘जवळपास बरोबर’ होता आणि पुढे जायचा मोह झाला होता. मी थांबलो याचा मला आजही आनंद वाटतो, कारण एक्झॉस्टचा गॅप कमी राहिला तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि सीटवर थंड न होता जळतो.

शिम आल्यावर कॅम पुन्हा काढला, शिम घातल्या, आठही लोबवर आणि टॅपेटच्या माथ्यावर असेंब्ली ल्यूब (जोडताना लावायचं वंगण) बोटाने चोळून लावलं. पहिल्या टोपीखाली सीलंटची बारीक रेघ, त्यावर नवं सील, ओठाला ऑइल लावून सरळ आत बसवलेलं.

नवा बेल्ट दिसायला साधा रबरी पट्टा. आत काचेच्या तंतूंचे दोर असतात आणि भार तेच पेलतात. म्हणून तो बोटांत घट्ट दुमडायचा नाही, उलटा वळवायचा नाही, तेलकट हाताने धरायचा नाही. तंतू तुटले तर वरून काहीच दिसत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या ग्लास कंपनीने १००४ या गाडीत दात असलेला असा पट्टा कॅमसाठी दिला, तेव्हा साखळीची सवय असलेल्यांना तो किती नाजूक वाटला असेल, असं तो हातात धरून मनात आलं.

कॅम खुणेवर आणला, मग क्रँक चौथाई फेरा पुढे, खुणेवर. बेल्ट आधी क्रँकच्या पुलीत, मग टेन्शनर नसलेल्या बाजूने ताठ ओढून वर कॅमच्या पुलीत, मग वॉटर पंप, शेवटी टेन्शनर. खुणा जुळल्या. टेन्शनर आवळला आणि क्रँक हाताने, त्याच्या चालीच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवला. क्रँकची खूण बरोबर आली. कॅमची किंचित मागे दिसली. अर्धा दात असेल असं वाटलं. पण अर्धा दात असा प्रकारच नसतो, बेल्ट दातात बसतो किंवा पुढच्या दातात. डोळा तिरका होता. फोन पुलीच्या समोर सरळ धरून फोटो काढला तेव्हा कळलं, पूर्ण एक दात मागे. माझ्या ४० दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८.

जुन्या बेल्टवर मोजलेले दात आठवले. नव्यावर मोजले तर ताठ बाजूला एक दात जास्त. बेल्ट चढवताना त्या बाजूला थोडी ढील राहिली होती. टेन्शनरने ती आपल्याकडे ओढून घेतली आणि त्याबरोबर कॅम मागे फिरला. सगळं सोडून पुन्हा लावलं. या वेळी कॅमची पुली खुणेच्या केसभर पुढे धरून बेल्ट चढवला आणि मग ताठ बाजू ओढून खुणेवर आणली. दोन फेरे. जुळलं. आणखी दोन. तरीही जुळलं. फेरे देताना कुठे कडक लागलं असतं तर तिथेच थांबलो असतो. हाताला जे अडतं ते स्टार्टरला अडत नाही, तो व्हॉल्व्ह वाकवून पुढे जातो.

क्रँकचा नवा बोल्ट टॉर्कने आणि त्यानंतर सांगितलेल्या अंशांनी आवळला. हा बोल्ट आवळताना कायमचा ताणला जातो, म्हणून जुना परत वापरायचा नसतो. भाऊ पुन्हा ब्रेकवर.

सुरू करण्याआधी फ्युएल पंपचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढून स्टार्टर थोडा थोडा मारला, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग सगळं जोडून किल्ली फिरवली. पहिल्या फेरीतच सुरू झालं. आयडलवर सोडलं नाही. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांना बसायला पहिली वीस मिनिटं महत्त्वाची, आणि आयडलवर लोबवर पुरेसं ऑइल उडत नाही. दोन हजार आरपीएमच्या आसपास, थोडं वर-खाली करत, वीस मिनिटं धरलं. भाऊ तापमानाच्या काट्याकडे बघत होता, मी पंपाच्या खाली टॉर्च मारून गळती शोधत होतो.

“दादा, टकटक?”

मी इंजिन आयडलवर आणलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवून मुठीला कान लावला. आठही जागी एकसारखी, बारीक, शिलाई यंत्रासारखी टिकटिक. तिसऱ्या सिलिंडरवर जरा जास्त वेळ थांबलो.

पाचशे किलोमीटर चालल्यावर ऑइल काढलं आणि फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडल्या. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. बोटांत चोळून पाहिला. कण एकही लागला नाही.