‘प्रतिनिधी’ म्हणून छापलेली प्रेसनोट

परवा पुण्यातल्या तीन दैनिकांत एकाच खासगी रुग्णालयाची बातमी वाचली. ‘पश्चिम महाराष्ट्रातील पहिलीच शस्त्रक्रिया’, रुग्णाचं वय, डॉक्टरांची वाक्यं, सगळं शब्दशः तेच. ‘सदर रुग्णास’ हे सरकारी मराठीसुद्धा तिन्हीकडे जसंच्या तसं. आणि वर छापलेलं, ‘प्रतिनिधी’, म्हणजे जणू आमच्याच बातमीदाराने आणलेली बातमी.

डेस्कवर बातम्या तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हे कसं होतं ते मला ठाऊक आहे. प्रेसनोट म्हणजे रुग्णालयाच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या पीआर एजन्सीने लिहून पाठवलेली तयार बातमी. ती संध्याकाळी पाचच्या आत व्हॉट्सॲपवर येते. मजकूर युनिकोडमध्ये, फोटो जोडलेला, फोटोओळ लिहिलेली, मथळाही सुचवलेला. त्या वेळी डेस्कवरचा उपसंपादक एकटा चार पानं लावत असतो. आरोग्याचं बीट, म्हणजे त्या विषयाच्या बातम्या, बघणारा बातमीदार सोडून गेलाय, त्याची जागा भरलेली नाही. पीआर एजन्सीतल्या मुलामुलींना मी बोल लावत नाही. त्यांच्यातले कितीतरी जण कालपर्यंत आमच्याच शेजारी बसून बातम्या लिहीत होते. तिकडे पगार वेळेवर होतो.

पण जे प्रश्न विचारायला हवे होते ते राहून गेले. अशा किती शस्त्रक्रिया केल्या? त्यातले किती रुग्ण घरी गेले? बिल किती आलं? रुग्णालय धर्मादाय असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, त्या कुणाला मिळाल्या? हे नोटेत कधीच नसतं. ते असावं अशी अपेक्षाही नाही, ते आमचं काम होतं.

महापालिकेच्या बातम्यांचंही तेच झालं. पूर्वी स्थायी समितीत नगरसेवक एखाद्या निविदेवरून भांडायचे आणि बाहेर येऊन बातमीदाराच्या हातात कागद ठेवायचे. त्यात त्यांचा स्वार्थ असायचा, पण कागद खरा असायचा. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ स्थायी समितीही प्रशासकच आणि सर्वसाधारण सभाही प्रशासकच. भांडणच थांबलं, मग कागद कोण देणार? हाती उरलं प्रसिद्धिपत्रक.

पेड न्यूजबद्दल, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांबद्दल, आपण निदान बोललो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीतली अशा बातम्यांची ‘पॅकेजं’ पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीला आणली. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलसाठी परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलने 2010 मध्ये आधी त्याची छोटी आवृत्तीच काढली. पूर्ण अहवाल 2011 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर लोकांसमोर आला. तिथे पैसे घेतले-दिले जात होते, म्हणून बोट तरी ठेवता आलं. प्रेसनोटीत कुणी कुणाला छदाम देत नाही. तक्रार करायची तर कशाची करणार? म्हणूनच मला ती जास्त घातक वाटते.

जाहिरातीचा दाब आहेच. अंकाचा खर्च विक्रीतून निघत नाही. पहिल्या पानावर ज्या बिल्डरचं जॅकेट, म्हणजे पानभर जाहिरात, त्याच्या सोसायटीला बारा महिने टँकर का लागतो, ही बातमी त्या आठवड्यात लागणं कठीण. पण मालकांची अडचण मान्य करूनही काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. नोट छापा, फक्त ‘प्रतिनिधी’ काढून तिथे ‘प्रसिद्धिपत्रक’ असं लिहा. वाचणाऱ्याला तेवढं कळायलाच हवं, तो पैसे मोजून अंक घेतो.

आणि पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 कुणाही नागरिकाला फायली पाहता येण्याची पद्धत कित्येक वर्षं होती. माहिती अधिकारवाले तिथे नेमाने जाऊन बसायचे. प्रत्येक दैनिकाने तसाच आठवड्यातून एक दिवस एक नवखा बातमीदार माहिती अधिकारात फायली पाहायला पाठवावा आणि त्या दिवशी त्याच्याकडून दुसरी कुठलीही बातमी मागू नये.