नकारामागचे शेकडो आवाज

एखादा माणूस सलग सहा मिनिटं ‘मी काही तुझ्या प्रेमात वगैरे नाही हं’ असं पटवत बसला, तर तिसऱ्या मिनिटाला समोरच्याला हसू फुटेल. ‘टेन सीसी’ या इंग्लिश बँडचं १९७५ सालचं ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ नेमकं हेच करतं, आणि ऐकणाऱ्याच्या घशात मात्र आवंढा येतो. नुसते शब्द वाचले तर हा माणूस थोडा आखडू आणि बराचसा लबाड वाटतो. तुझा फोटो भिंतीवर आहे खरा, पण तो डाग झाकायला लावलाय, असलं काहीतरी तो सांगतो. पण तो हे सांगत असताना त्याच्या पाठीमागे शेकडो आवाज एकच लांब ‘आ’ धरून उभे आहेत, आणि त्याचं बिंग तेच फोडतात.

गाण्याचं बीज घरगुती आहे. गायक-गिटारवादक एरिक स्ट्युअर्टच्या लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती. ‘तुझं माझ्यावर प्रेम आहे असं तू हल्ली म्हणतच नाहीस,’ ही बायकोची तक्रार. सारखं सारखं म्हटलं तर त्यात राम उरणार नाही, हा त्याचा बचाव. मग न म्हणता कसं म्हणायचं, या पेचातून त्याने उलट्या बाजूने शब्द लिहायला घेतले. आणि फोटोमागचा तो डागसुद्धा हवेतून आलेला नव्हता. आईवडिलांच्या घरी त्याच्या खोलीच्या भिंतीला तडा होता आणि त्यावर तिचाच फोटो लावलेला होता.

चाल बांधायला जोडीला ग्रॅहम गोल्डमन होता. साठच्या दशकात त्याने ‘यार्डबर्ड्स’ या बँडसाठी ‘फॉर युवर लव्ह’ आणि ‘हॉलीज’ या बँडसाठी ‘बस स्टॉप’ लिहिलं होतं, म्हणजे हिट गाणं कसं उभं राहतं हे त्याला पाठ होतं. दोघांनी दोन गिटारी घेऊन गाणं केलं ते बोसा नोव्हाच्या ठेक्यावर. ब्राझिलियन, हलकं, झुलतं. बँडमधल्या उरलेल्या दोघांपैकी केविन गॉडलीला ते अजिबात आवडलं नाही आणि त्याने ते तोंडावर सांगितलं. गाणं बाद झालं, टेपही पुसून टाकली.

ते वाचलं कारण स्टुडिओतली माणसं येता-जाता तीच चाल गुणगुणत राहिली. स्ट्युअर्टने विषय पुन्हा काढला, तेव्हा सुचवणारा पुन्हा गॉडलीच: करायचंच असेल तर वाद्यं बाजूला ठेवा, सगळं माणसांच्या आवाजात करा. ज्याला गाणं नको होतं त्यानेच त्याला त्याचं रूप दिलं. बँडमध्ये एक कडवा नापसंत करणारा माणूस असावा लागतो, तो यासाठीच.

सगळं आवाजात, म्हणजे पाच-पन्नास गायकांचा कॉयर हवा. होते चौघे. पण त्यांच्याकडे स्टुडिओ होता. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमधला ‘स्ट्रॉबेरी स्टुडिओज’, ज्यात स्ट्युअर्ट स्वतः भागीदार होता आणि रेकॉर्डिंग इंजिनिअरही तोच. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तासाच्या दराने भाड्याच्या स्टुडिओत कोणी तीन आठवडे नुसता ‘आ’ रेकॉर्ड करत बसू शकत नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस बिल घेऊन दारात उभा राहतो.

टेपमशीन १६ ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर १६ रेकॉर्डिंग शेजारी शेजारी, स्वतंत्र. गोल्डमन, गॉडली आणि लॉल क्रीम असे तिघे एकत्र उभे राहून एक स्वर लांबवत. तोच स्वर पुन्हा दुसऱ्या ट्रॅकवर, पुन्हा तिसऱ्यावर, असं १६ वेळा. तीन गुणिले सोळा, एका स्वराचे ४८ आवाज. मग पुढचा स्वर. सा, कोमल रे, शुद्ध रे असं करत सप्तकातल्या बाराही स्वरांसाठी हेच. बारा स्वर धरले तर बेरीज ५७६ येते. वरचा सा धरून तेरा मोजले तर ६२४, आणि हा आकडा बऱ्याच ठिकाणी छापलेला दिसतो. २५६ हाही आकडा फिरत असतो. कानाला त्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो एकाच टेकची नक्कल न करता प्रत्येक वेळी नव्याने गाण्यामुळे. एकच रेकॉर्डिंग १६ वेळा एकावर एक ठेवलं तर आवाज फक्त मोठा होतो, माणसं वाढत नाहीत. माणूस तोच स्वर दुसऱ्यांदा गातो तेव्हा तो केसभर वर किंवा खाली लागतो, श्वास वेगळ्या जागी पडतो, ‘आ’चा आकार जरा बदलतो. हे बारीक बेसूरपण एकमेकांत मिसळलं की स्वराला कडा राहत नाही आणि आवाज धुक्यासारखा पसरतो. फार शिस्तीत, तंतोतंत सुरात गायले असते तर हा परिणाम हुकला असता. आणि फारच बेफिकिरीने गायले असते तर कॉयरऐवजी बाजार भरला असता.

पुढची अडचण श्वासाची. माणूस एक स्वर किती वेळ धरेल? पंधरा-वीस सेकंद. गाणं सहा मिनिटांचं. उपाय सुचला क्रीमला: टेपचा लूप. ४८ आवाज एकत्र मिसळून स्टीरिओ टेपवर घ्यायचे, टेपचा तुकडा कापायचा, दोन्ही टोकं जोडायची, की स्वर फिरत राहतो. पण जोडापाशी दर फेरीला एक ‘टुक्’ ऐकू येतं. लूप आखूड असेल तर ते इतक्या वेळा येतं की ठेकाच वाटू लागतो. म्हणून स्ट्युअर्टने लूप केले सुमारे १२ फुटांचे. मशीनच्या वेगाला सेकंदाला १५ इंच धरलं, तर एक फेरी साडेनऊ सेकंदांची होते. एवढी लांब टेप मशीनवर मावत नाही, म्हणून एक टोक रेकॉर्डरच्या हेडवरून आणि दुसरं टोक माइकच्या स्टँडवर बसवलेल्या गरगर फिरणाऱ्या रोलरवरून. स्टँड मागेपुढे सरकवून टेपचा ताण जुळवायचा. ताण कमी पडला की टेप डुलते आणि स्वर हलतो, जास्त झाला की मशीनवर ओढ येते. शिवाय सगळ्या लुपांचे जोड एकाच क्षणी येणार नाहीत हे बघायचं. एकेकटं आलेलं ‘टुक्’ बाकीच्या आवाजात बुडून जातं, बारा एकदम आली तर लपवणं अशक्य.

हे लूप मग एकेक करून १६ ट्रॅकच्या टेपवर, गाण्यापेक्षाही जास्त लांबीचे उतरवले. आता मिक्सिंग डेस्कच्या प्रत्येक चॅनेलवर एक स्वर सतत वाजत होता. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती कळ, वर सरकवला की तो ऐकू येतो, खाली ओढला की मागे जातो. तीन-चार फेडर एकदम वर नेले की कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, तयार. एका माणसाच्या दोन हातांना हे झेपत नाही, म्हणून चौघे डेस्कवर ओळीने बसले, आपापले फेडर वाटून घेतले आणि गाणं सुरू करून तो डेस्क वाजवला. फेडर हळू सरकतो, त्यामुळे एक कॉर्ड पुरता मावळायच्या आधी दुसरा उगवतो आणि मधे काही क्षण दोन्ही एकमेकांत विरघळलेले राहतात. पियानोवर किंवा ऑर्गनवर पट्टी दाबून हे होत नाही. एकाने फेडर उशिरा ओढला किंवा भलताच वर नेला तर अर्थातच पुन्हा पहिल्यापासून.

या सगळ्यात मला सर्वांत हुशार वाटते ती अगदी क्षुल्लक गोष्ट. स्ट्युअर्टने डेस्कवर फेडरांच्या तळाशी चिकटपट्टी लावली, जेणेकरून कुठलाच फेडर शून्यापर्यंत जाऊ नये. म्हणजे जे स्वर त्या क्षणी नको आहेत तेसुद्धा, बाराच्या बारा, अगदी पुसट चालूच. संगीताच्या हिशेबाने हा घोटाळा आहे. बारा स्वर एकदम म्हणजे कर्कश गोंधळ. पण इतक्या खालच्या पातळीवर तो गोंधळ ऐकू येत नाही, जाणवतो फक्त. मैफलीत तंबोरा जसा ऐकायला कोणी जात नाही पण थांबला की सगळ्यांना कळतं, तसं. गाणारा ओळ संपवून गप्प होतो तेव्हा जी शांतता यायला हवी ती या गाण्यात येतच नाही.

वाद्यं त्यामानाने मोजकी: स्ट्युअर्टचा फेंडर ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानो, गोल्डमनची गिटार आणि तालासाठी गॉडलीने मूग सिंथेसायझरवर काढलेला बास ड्रमसारखा मऊ ठोका, जो छातीतल्या ठोक्यासारखा वाटतो. मधल्या भागात बास गिटारचा एकल तुकडा आहे, शेवटाकडे खेळण्यातल्या म्युझिक बॉक्सची किणकिण. आणि ती प्रसिद्ध कुजबुज. मोठी मुलं रडत नाहीत, गप्प राहा, अशा अर्थाचे शब्द तिथे हवेत हे ठरलं होतं, पण कोणाच्या आवाजात ते सुचेना. तेवढ्यात स्टुडिओची सेक्रेटरी कॅथी रेडफर्न दार किलकिलं करून दबक्या आवाजात म्हणाली, ‘एरिक, तुझा फोन आहे.’ आवाज सापडला. तिला माइकपुढे उभं करायला मनधरणी करावी लागली, एवढंच.

पुढचा प्रवास हिट गाण्यांच्या नेहमीच्या वळणाचा. ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ हा अल्बम मार्च १९७५ मध्ये आला, पण पहिलं सिंगल म्हणून कंपनीने दुसरंच गाणं काढलं. सहा मिनिटांचं गाणं रेडिओ कसा लावणार, ही भीती. लोकांनी मागणी केल्यावर मे महिन्यात हे आलं आणि जूनअखेर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचून दोन आठवडे राहिलं. अमेरिकेत कापून पावणेचार मिनिटांच्या आसपास आणलेली आवृत्ती तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकली, आणि गंमत म्हणजे त्या तिन्ही आठवड्यांत वरचं गाणं दर वेळी वेगळं होतं. १९७६ मध्ये तीन आयव्हर नोव्हेलो पुरस्कार (ब्रिटनमधले गाणी लिहिणाऱ्यांचे मानाचे पुरस्कार) मिळाले, आणि त्याच वर्षी गॉडली आणि क्रीम बँड सोडून गेले. २०१४ साली ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात इस्पितळात बसलेल्या पोराच्या कानात हे वाजलं, आणि नव्या पिढीला ते तिथून कळलं.

आज असा कॉयर कीबोर्डच्या एका बटणावर मिळतो, पण त्यात बहुधा काही मोजकेच स्वर खरे गायलेले असतात आणि मधले ताणून-आवळून बनवलेले. ताणताना गळ्याचा आकारही ताणला जातो, म्हणून तो प्लॅस्टिकचा वाटतो. कोणाला घरी लॅपटॉपवर खरा प्रकार करून बघायचा असेल तर अवघड काहीच नाही. प्रत्येक स्वर वेगळा गायचा, प्रत्येक थर नव्याने गायचा, कॉपी-पेस्ट आणि ऑटोट्यून (बेसूर आपोआप सुरात आणणारं सॉफ्टवेअर) दोन्हींना हात लावायचा नाही. लुपांच्या लांब्या मुद्दाम कमीजास्त ठेवायच्या, म्हणजे जोड एकावर एक येणार नाहीत. फेडर शून्यावर न्यायचा नाही. तीन मित्र असतील तर उत्तम. एकट्याने केलं तर ४८ वेळा गाऊनही शेवटी एकच माणूस ऐकू येतो, कारण गळ्याचा पोत बदलत नाही. आणि मधेच कोणाला सर्दी झाली तर काम थांबवायचं. सोमवारच्या मोकळ्या ‘सा’मध्ये गुरुवारचा चोंदलेला ‘प’ मिसळला की कितीही थर चढवा, तो लपत नाही.