बुरशीचे औषध बंद झाले, त्या आठवड्याविषयी

माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही फुफ्फुसांचे प्रत्यारोपण झाले, तेव्हा आम्हां घरच्यांना भीती होती ती शस्त्रक्रियेची आणि शरीराने नवी फुफ्फुसे नाकारण्याची. बुरशीचा विचार कोणाच्याही मनात आला नव्हता. ओल धरलेल्या भिंतीवर दिसणारी ती काळपट बुरशी ताईच्या उपचारांच्या केंद्रस्थानी येईल, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर मला पटले नसते.

मूत्रपिंड किंवा यकृत बसवले की ते शरीराच्या आत बंदिस्त राहते. फुफ्फुस मात्र प्रत्येक श्वासाला बाहेरच्या हवेशी जोडलेले असते. ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू जेमतेम दोन ते तीन मायक्रॉन आकाराचे असतात. आपण सारेच ते रोज शेकड्यांनी आत घेतो, आणि निरोगी माणसाच्या शरीरात त्यांचा निकाल तिथल्या तिथे लागतो. नव्या फुफ्फुसात ही व्यवस्था मोडलेली असते. मज्जातंतू कापले गेल्यामुळे, जुनी आणि नवी श्वासनलिका जिथे शिवलेली असते त्या जोडाच्या खालच्या भागात काही साचले तरी पूर्वीसारखा खोकला येत नाही, कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचे काम मंदावते, आणि त्यातच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे श्वासनलिकेचा जोड. श्वासनलिकेला रक्त पुरवणारी मूळची धमनी बहुतेक शस्त्रक्रियांमध्ये पुन्हा जोडली जात नाही, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे जोडाजवळच्या ऊतींना रक्त कमी पडते. माणसावरील पहिले फुफ्फुस प्रत्यारोपण १९६३ साली जेम्स हार्डी यांनी केले आणि तो रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतरचे दीर्घकाळ टिकलेले पहिले यश टोरांटोमध्ये १९८३ साली मिळाले. मधल्या दोन दशकांतील अपयशांमागे हा जोड न भरणे हे एक मोठे कारण होते. आज जोड भरतो, पण बुरशीला पाय रोवायला तीच जागा सोयीची पडते. तेथे व्रण आणि पांढुरके पापुद्रे तयार होतात आणि तरीही छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. त्रास काहीच नसताना ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे नळीतून श्वासनलिकेत आत पाहण्याची तपासणी, कशासाठी, असे मी एकदा थोड्या रागानेच विचारले होते. त्याचे उत्तर या जोडात होते.

तपासणीत बुरशी सापडली म्हणजे आजार झालाच, असेही नाही. ती नुसती वस्तीला असू शकते किंवा ऊतींमध्ये शिरलेली असू शकते, आणि हा फरक ठरवण्यासाठी डॉक्टर श्वासनलिकेतील दृश्य, सीटी स्कॅन, फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवातील गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या आवरणातील एक घटक) आणि गरज पडल्यास बायोप्सी हे सारे एकत्र पाहतात. फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या रुग्णांत रक्तातल्या गॅलॅक्टोमॅननपेक्षा या द्रवातली तपासणी अधिक भरवशाची असते. कफात कॅन्डिडा ही दुसरी बुरशी दिसणे तर बहुतेक वेळा आजाराचे लक्षण नसते.

ताईच्या जोडाजवळ ॲस्परजिलस सापडले आणि व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झाले. ताई टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेत होती; त्याचे विघटन करणारे सीवायपी-३ए-४ हे विकर व्होरिकोनाझोलमुळे दबते. परिणामी टॅक्रोलिमस रक्तात साठू लागते, हात थरथरतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून व्होरिकोनाझोल सुरू करतानाच टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात आणि रक्तातील पातळी वारंवार मोजतात. ताईच्या बाबतीतही हे सर्व अगदी काटेकोरपणे झाले. सुरुवातीला सगळेच सावध असतात.

काही महिन्यांनी जोड स्वच्छ दिसला. उन्हात थोडा वेळ गेली तरी तिची त्वचा भाजल्यासारखी लाल होत होती. व्होरिकोनाझोल दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, त्यामुळे ते बंद करण्याचा निर्णय योग्यच होता. त्या दिवशी आम्हांला फार आनंद झाला. मात्र औषध बंद करण्याच्या सूचनेच्या कागदावर टॅक्रोलिमसविषयी एक अक्षरही नव्हते आणि पुढची रक्ततपासणी तीन आठवड्यांनी होती.

विकरावरचा दाब उठला की तोच कमी केलेला डोस काही दिवसांतच अपुरा पडू लागतो, पातळी घसरते आणि शरीराला नवे फुफ्फुस परके वाटण्याचा धोका वाढतो. हे ताईच्या लक्षात आले, माझ्या नव्हे. सुरू करताना डोस कमी केला होता, मग आता तो वाढवायला नको का, असे तिने पाचव्या दिवशी फोन करून विचारले. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासले, तर पातळी अपेक्षित मर्यादेच्या बरीच खाली गेली होती. डोस टप्प्याटप्प्याने वाढवला गेला आणि फुफ्फुसाला इजा झाली नाही.

प्रत्यारोपण झालेल्या कोणाचेही बुरशीचे औषध बंद होत असेल, तर टॅक्रोलिमसचा डोस कधी आणि किती वाढवायचा व पातळी कोणत्या दिवशी मोजायची, हे त्याच भेटीत लिहून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पोसाकोनाझोल आणि फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. नाकातोंडाने वाफाऱ्यासारखे घ्यायचे ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध रक्तात फारसे उतरत नसल्यामुळे तेथे ही गुंतागुंत नसते, मात्र त्याने खोकला येऊ शकतो.

ताई आता कुजलेल्या पाल्यापाचोळ्यापासून आणि बांधकामाच्या धुळीपासून दूर राहते, आणि रोज सकाळी घरच्या स्पायरोमीटरवर (फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या यंत्रावर) फुंकून आकडा वहीत टिपते. त्याच वहीत तिने औषधांसाठी दोन रकाने आखले आहेत: एक सुरू केल्याच्या तारखेचा आणि दुसरा, तेवढ्याच रुंदीचा, बंद केल्याच्या तारखेचा.