दोन मॉनिटर, दोन पांढरे : कॅलिब्रेशनचा माझा अनुभव

स्क्रीनचे रंग मोजून मॉनिटर ठरलेल्या मापावर आणणं म्हणजे कॅलिब्रेशन. ते झाल्यावर सॉफ्टवेअरने दोन्ही मॉनिटर पास केले होते. दोन्हींचा पांढरा ६५०० केल्व्हिन, उजेड १२० निट (निट हे उजेडाचं एकक), तपासणीत सरासरी डेल्टा ई, म्हणजे हवा तो रंग आणि मोजलेला रंग यांतला फरक, एकच्या आत. आणि टेबलावर बघावं तर एकाचा पांढरा गुलाबीकडे झुकलेला, दुसऱ्याचा हिरवटाकडे. प्रोब, म्हणजे स्क्रीनवर ठेवून रंग मोजायचं यंत्र, बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राला फोटोसकट लिहिलं, तर उत्तर आलं की सॉफ्टवेअर काढून परत टाका. पुन्हा लिहिलं, तर तेच वाक्य, खाली फक्त दुसरं नाव. विक्रेत्याचं म्हणणं, प्रोबच बदलून घ्या. प्रोबमध्ये काहीही बिघाड नव्हता. हा गुंता कुणीच धड सोडवून सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

काम सोलापुरातलं नेहमीचंच : टेरी टॉवेल आणि चादरींचे कॅटलॉग, जेकार्डची डिझाइन. निर्यातीचा खरेदीदार रंग सांगतो पँटोनच्या टीसीएक्स (कापडावरच्या रंगांच्या) क्रमांकाने. डाइंगवाला लॅब डिप (रंगवलेला कापडाचा नमुना) बघतो लाइट बॉक्समध्ये, म्हणजे ठराविक दिव्यांच्या पेटीत, आधी डी६५ (दिवसाचा प्रमाण उजेड) खाली आणि मग दुकानी उजेडासाठी टीएल८४ खाली. या दोघांच्या मधे आपला मॉनिटर. तो चुकला तर खेप अडते आणि बोल फोटोवाल्याला लागतो.

आधीची तयारी सोपी आहे. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, खोलीच्या उजेडावर ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, विंडोजची नाइट लाइट आणि एचडीआर, सगळं बंद. केबल एचडीएमआय असेल तर ग्राफिक्स कार्डात आउटपुट फुल रेंज आहे ना ते बघा. ते ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ वर अडकलं असेल तर काळा राखाडी दिसतो, आणि त्यावर कितीही कॅलिब्रेशन केलं तरी गडद भागातले टप्पे जातात. स्क्रीन किंचित मागे झुकवा म्हणजे प्रोब सपाट बसतो. केबलवरचं वजन मागे सोडून उंची जुळवा. प्रोबच्या पुढचं पांढरं डिफ्यूझर बाजूला फिरवायला विसरू नका, ते खोलीचा उजेड मोजण्यासाठी असतं.

मग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ब्राइटनेस १२० निटवर आणा आणि आर-जी-बी गेनने (लाल, हिरवा, निळा यांच्या पातळीने) पांढरा जुळवा. गेन नेहमी कमी करत जा, वाढवू नका; शंभराच्या पुढे नेलेला रंग बऱ्याच मॉनिटरवर वरच्या टोकाला कापला जातो. हे काम जेवढं मेनूत होईल तेवढं बरं, कारण उरलेली दुरुस्ती ग्राफिक्स कार्डाच्या टेबलात (रंग बदलणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यात) जाते आणि तिथे ग्रेडियंटमध्ये पट्टे पडतात. आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पॅनेलचा कॉन्ट्रास्ट हजारास एक धरला तर १२० निटला काळा साधारण ०.१२ निट येतो. तो आणखी खाली ओढायच्या फंदात पडू नका.

आता तो पांढरा.

पहिली गोम ६५०० या आकड्यातच आहे. केल्व्हिनचा आकडा पांढरा निळसर की पिवळसर एवढंच सांगतो. हिरवट-गुलाबी ही दुसरी दिशा त्यात येतच नाही. एकाच ६५०० वर हिरवट पांढराही बसतो आणि गुलाबीही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये लक्ष्य केल्व्हिनमध्ये न देता एक्स-वायमध्ये, म्हणजे रंगाची नेमकी जागा सांगणाऱ्या दोन आकड्यांत, द्या : डी६५ साठी एक्स ०.३१२७, वाय ०.३२९०. मोजलेलं मूल्यही याच दोन आकड्यांत वाचा.

दुसरी गोम खरी मोठी. आपला प्रोब म्हणजे कलरीमीटर, आणि तो रंग 'बघत' नाही. त्यात तीन फिल्टर असतात, माणसाच्या डोळ्याच्या संवेदनशीलतेची नक्कल करणारे, आणि ती नक्कल कधीच तंतोतंत नसते. साध्या व्हाइट एलईडी मॉनिटरमध्ये निळा एलईडी आणि त्यावर पिवळा फॉस्फर असतो. हिरव्यापासून लालपर्यंत त्याचा प्रकाश पसरट असतो, त्यामुळे फिल्टरच्या चुका बऱ्यापैकी एकमेकींत जिरतात. जास्त रंग दाखवणाऱ्या नव्या मॉनिटरमध्ये लाल रंग बहुतेक वेळा पीएफएस फॉस्फरचा, म्हणजे पोटॅशियम फ्लुओरोसिलिकेटचा. त्याचा प्रकाश सुईसारख्या टोकदार शिखरांत येतो आणि सर्वांत उंच शिखर ६३१ नॅनोमीटरच्या आसपास असतं. नेमक्या त्या जागी फिल्टर चुकत असेल तर पूर्ण चूक पदरात पडते. प्रोब लाल कमी किंवा जास्त मोजतो, सॉफ्टवेअर त्याची भरपाई करतं, आणि आकडे बरोबर दाखवत पांढरा वाकडा होतो. सॉफ्टवेअरची तपासणीही त्याच प्रोबने, त्याच सेटिंगवर होते. चुकीच्या मापाने मापच तपासलं तर ते पास होणारच, म्हणून त्या एकच्या आतल्या डेल्टा ईला अर्थ नाही.

यावर उपाय म्हणजे करेक्शन : बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) कोणता त्यानुसार प्रोबच्या मापात केलेली दुरुस्ती. सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी बॅकलाइटचा प्रकार निवडायची यादी असते : सीसीएफएल, व्हाइट एलईडी, जीबी एलईडी, आरजी फॉस्फर, पीएफएस फॉस्फर, ओएलईडी. बहुतेक जण 'एलसीडी जेनेरिक' किंवा आहे ते तसंच ठेवतात, आणि शिकवणारे व्हिडिओ तर ही यादी उघडतही नाहीत. आपला प्रकार ओळखायला मॉनिटरचं माहितीपत्रक काढा; एसआरजीबी, पी३, अॅडोबी आरजीबी या रंगांच्या ठराविक पल्ल्यांपैकी मॉनिटर किती टक्के दाखवतो ते त्यात बघा. फक्त एसआरजीबी शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुधा साधा व्हाइट एलईडी. पी३ नव्वद-पंच्याण्णव टक्के असेल आणि मॉनिटर अलीकडचा असेल तर आधी पीएफएस लावून बघा. थोड्या जुन्या, अॅडोबी आरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवणाऱ्या व्यावसायिक मॉनिटरमध्ये जीबी एलईडी असू शकतो. त्याहून जुना, सुरू झाल्यावर हळूहळू उजळणारा असेल तर सीसीएफएल.

खात्री करायची तर एक सोपी चाचणी. मॉनिटरला हात न लावता पूर्ण पांढरा चौकोन लावा आणि फक्त करेक्शन बदलत एक्स-वाय वाचा. आर्गिल या रंगमोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पॉटरीड ही आज्ञा वापरा. डिस्प्लेकॅल हे कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर त्याच आर्गिलवर चालतं. स्क्रीन तीच, प्रोब तोच, तरी आकडे तिसऱ्या दशांशस्थानी चांगलेच सरकतात. एवढा फरक शेजारी ठेवलेल्या दोन पांढऱ्यांत डोळ्याला सहज कळतो. गुलाबी-हिरव्याचं भांडण मुख्यतः इथलंच होतं.

करेक्शन फाइली दोन जातींच्या असतात आणि इथे नेटवरून काहीही उचलणं महागात पडतं. सीसीएसएस फाइलमध्ये त्या प्रकारच्या बॅकलाइटचा वर्णपट असतो. प्रोबला स्वतःच्या फिल्टरचे वक्र ठाऊक असतील, जसे आय-वन डिस्प्ले प्रोच्या घराण्याला असतात, तर दुसऱ्याने बनवलेली सीसीएसएस चालते. सीसीएमएक्स मात्र एका विशिष्ट प्रोबची एका विशिष्ट मॉनिटरशी घातलेली गाठ असते. दुसऱ्याची सीसीएमएक्स आपल्या प्रोबला लावणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा घालणं.

सीसीएमएक्स स्वतः बनवायची तर स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशाचा पूर्ण वर्णपट मोजणारं यंत्र, थोडक्यात स्पेक्ट्रो) लागतो, आणि इथे सोलापुरात हमखास सल्ला मिळतो, 'अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही डाइंगवाल्याकडे स्पेक्ट्रो आहे, घ्या की मागून.' तो चालत नाही! कापडाच्या लॅबमधला टेबलावरचा स्पेक्ट्रो स्वतःचा दिवा कापडावर टाकून परावर्तित प्रकाश मोजतो. स्क्रीनचा उत्सर्जित प्रकाश मोजायची सोय त्यात नसते. त्यासाठी आय-वन प्रोसारखं, दोन्ही प्रकारे मोजणारं यंत्र हवं. छपाईच्या कामासाठी एखाद्याकडे असेल तर एका दुपारपुरतं मागा, तेवढ्यात दोन्ही मॉनिटरच्या फाइली होतात.

करेक्शन बरोबर लागल्यावरही थोडा फरक उरतो. तो यंत्राचा नाही, डोळ्याचा आहे. सगळी मोजणी सीआयई या प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९३१ च्या प्रमाण निरीक्षकावर, म्हणजे सरासरी डोळ्याच्या नमुन्यावर, उभी आहे. तो निरीक्षक राइट आणि गिल्ड यांच्या प्रयोगांतल्या अवघ्या १७ माणसांच्या सरासरीतून आणि दोन अंशांच्या, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या क्षेत्रावरून तयार झाला. पसरट प्रकाशाचा पांढरा आणि टोकदार शिखरांचा पांढरा गणितात एक आले तरी तुमच्या-माझ्या डोळ्याला एक दिसतीलच असं नाही. सोनीने तर स्वतःच्या ओएलईडी मॉनिटरसाठी पांढऱ्याचे आकडे मुद्दाम सरकवून द्यायची शिफारस केली होती.

तेव्हा शेवटचा टप्पा डोळ्याने करायचा. साधा व्हाइट एलईडी मॉनिटर यंत्राने नीट लावून तो आधार धरा. दोन्हींवर पूर्ण पांढरा लावा, उजेड सारखा करा, खोली मंद करा आणि दोन-तीन मिनिटं डोळे स्थिरावू द्या. मग दुसऱ्याचे गेन हलवून पांढरा जुळवा. जुळला की त्याच प्रोबने, त्याच करेक्शनवर एक्स-वाय वाचून ठेवा आणि त्या मॉनिटरचं लक्ष्य ०.३१२७ ऐवजी तेच आकडे द्या. मग नेहमीसारखं कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल (मॉनिटर रंग कसे दाखवतो ते सांगणारी फाइल). डिस्प्लेकॅलमध्ये यासाठी डोळ्याने पांढरा ठरवायची वेगळी खिडकी आहे. जुळवणारा माणूस तोच असावा जो रोज समोर बसतो; दुसऱ्याला थोडा फरक दिसला तर वाद घालू नका, त्याचं त्याच्या जागी खरंच असतं.

प्रोफाइलचा प्रकार विचारला तर साध्या कामाला मॅट्रिक्स, म्हणजे मोजक्या आकड्यांची प्रोफाइल, घ्या. टेबलवाली प्रोफाइल जास्त अचूक असू शकते, पण काही प्रोग्राम तिच्यावर गडद भागात गोंधळ घालतात. आणि ही प्रोफाइल फोटोशॉप किंवा कोरलच्या वर्किंग स्पेसमध्ये (फाइलचे रंग ज्या पल्ल्यात धरायचे त्या सेटिंगमध्ये) कधीही टाकू नका. शहरातल्या निम्म्या छपाईवाल्यांकडे मला ती तिथेच सापडते. ती विंडोजला द्यायची. वर्किंग स्पेस एसआरजीबी किंवा अॅडोबी आरजीबीच राहतो.

सकाळी सुरू केल्यावर रंग वेगळा वाटला तर नव्याने कॅलिब्रेशन करत बसू नका, आधी लोडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या टेबलात दुरुस्ती भरणारा प्रोग्राम, बघा. कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक, डिस्प्लेकॅलचा दुसरा आणि ग्राफिक्स कार्डाचा तिसरा असे तीन लोडर एकाच टेबलावर भांडत असतात. एकच ठेवा.

पांढऱ्या टॉवेलवरून मॉनिटरला दोष देण्याआधी टॉवेल लाइट बॉक्सच्या यूव्हीखाली धरा. निळा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहे. तो अतिनील प्रकाश घेऊन निळा बाहेर टाकतो, त्यामुळे दिव्यागणिक त्याचा पांढरा बदलतो. यात कॅलिब्रेशनचा संबंध नाही.

मे महिन्यात दुपारी कॅलिब्रेशन करू नका. चाळिशीपार खोलीत बॅकलाइट आणि पॅनेल दोन्ही सरकतात. रोज ज्या तापमानात काम करता त्याच वेळी करा. मोजणी चालू असताना लाइट गेली आणि मॉनिटर यूपीएसवर नसेल तर पहिल्यापासून, अर्ध्या तासाच्या तापण्यासकट. खोलीतली ट्यूब खिडकीच्या उन्हाशी मिसळू देऊ नका. पडदा राखाडी लावा, भगवा किंवा निळा नको.

महिन्यातून एकदा नुसती तपासणी पुरते. प्रोफाइलच्या नावात तारीख, करेक्शन आणि मेनूतले ब्राइटनेस-गेनचे आकडे लिहून ठेवा. कुणी बटण दाबून गेन हलवला तर नाव वाचून परत लावता येतो.